आवाज कुणाचा, खुर्ची कुणाची?

शॉमबर्गहून आय-९० ने शिकागोकडे निघाले की वीस-पंचवीस मिनिटांत रोझमाँटचे भलेमोठे अरीना लागते. आपल्यापैकी बहुतेकांनी तिथे मुलांना घेऊन सर्कस नाहीतर आइस शो पाहिला असेल, हिंदी सिनेमाच्या तारेतारकांवर डॉलरही उधळले असतील. १९८० साली ही इमारत उघडली तेव्हा तिचे नाव होते रोझमाँट होरायझन; १९९९ पासून ती ऑलस्टेट अरीना झाली. मात्र १९८० ते २०१७ अशी तब्बल सदतीस वर्षे ती डिपॉल विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे 'घर' होती, हे आपल्यातल्या थोड्यांनाच ठाऊक असते. घर इथे आणि घरची मुले पंधरा-एक मैलांवर, लिंकन पार्कात! कॉलेज बास्केटबॉलच्या प्रेक्षागृहातले वातावरण कशाने बनते आणि कशाने बिघडते, याचा विचार करायला याहून सोयीचे ठिकाण आपल्याला शोधूनही सापडणार नाही.

क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या पिढीला प्रेक्षक म्हणजे दूर, सीमारेषेपलीकडे बसलेला माणूस असे वाटते. बास्केटबॉलचे तसे नाही. कोर्ट ९४ फूट लांब आणि ५० फूट रुंद, वर छप्पर, आणि पहिल्या रांगेतला प्रेक्षक चेंडू आत टाकणाऱ्या खेळाडूपासून जेमतेम हातभर अंतरावर. गावच्या कबड्डीच्या मैदानाची आठवण यावी इतकी ही जवळीक असते. त्यात विद्यार्थ्यांसाठी राखलेला भाग, ज्याला इथे 'स्टुडंट सेक्शन' म्हणतात, तो खेळाची चाळीसही मिनिटे उभाच असतो. पाहुण्या खेळाडूचा फ्री थ्रो असला की आरडाओरडा आणि हातवारे; आपल्या खेळाडूचा असला की चिडीचूप. छपरावर आदळून परत येणारा तो आवाज पाहुण्या संघाच्या कोचला स्वतःचे शब्द ऐकू देत नाही. हे सगळे तिकिटाबरोबर विकत मिळत नाही, ते कुणीतरी करावे लागते. आणि ते करणारी मुले कुठे बसवली आहेत, यावर बरेच अवलंबून असते.

डिपॉलचेच पाहा. रे मायर हे १९४२ ते १९८४ अशी बेचाळीस वर्षे तिथले कोच होते. १९५६ पासून संघ लिंकन पार्कातल्या अ‍ॅलम्नाय हॉलमध्ये खेळे. हॉल छोटा, पाच हजारांच्या आसपास माणसे मावणारा. पण वसतिगृहातून निघालेला विद्यार्थी चालत तिथे पोचे. १९७९ साली संघ देशातल्या शेवटच्या चारांत गेला, तिकिटांची मागणी वाढली आणि पुढच्याच वर्षी विद्यापीठाने तिप्पट मोठ्या रोझमाँटमध्ये बिऱ्हाड हलवले. हिशेब सरळ होता : खुर्च्या तिप्पट, तर उत्पन्नही वाढणार. सुरुवातीची काही वर्षे तो बरोबरही ठरला, कारण संघ जिंकत होता आणि जिंकणाऱ्याच्या लग्नाला वऱ्हाडी गोळा करावे लागत नाहीत. पण १९९६-९७ च्या हंगामात संघाने तीन सामने जिंकले आणि तेवीस हरले. अशा वेळी आठवड्याच्या मधल्या रात्री, बर्फातून रोझमाँटला कोण येणार? हॉल घराशेजारी असता तर हरणाऱ्या संघासाठीही हजारभर मुले आली असती, आणि छोट्या हॉलमध्ये हजारभर मुले पुष्कळ होतात. तीच हजार मुले मोठ्या अरीनात रिकाम्या खुर्च्यांत हरवून जातात.

कुणी म्हणेल, संघच हरत होता, त्यात इमारतीचा काय दोष? त्याला उत्तर म्हणून नॉर्थवेस्टर्नचे उदाहरण देता येते. १९३९ साली राष्ट्रीय स्पर्धेचा पहिलावहिला अंतिम सामना या विद्यापीठाच्या इव्हन्स्टनमधल्या जिममध्ये झाला. पण या विद्यापीठाच्या स्वतःच्या संघाला त्या स्पर्धेत शिरायला २०१७ साल उजाडावे लागले. आता वातावरण तापणार, असे सगळ्यांना वाटत असतानाच वेल्श-रायन अरीनाच्या नूतनीकरणाचे काम निघाले आणि २०१७-१८ चा सबंध हंगाम संघ आपल्या रोझमाँटला खेळायला आला. मोठ्या अपेक्षेने सुरू झालेला तो हंगाम १५ विजय आणि १७ पराभवांवर संपला. सगळे पाप इमारतीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण ज्या वर्षी विद्यार्थ्यांची सोबत सर्वांत जास्त हवी होती, त्याच वर्षी त्यांना गावाबाहेर बोलावले गेले, हेही खरेच. पुढे ११ कोटी डॉलर खर्चून नवे वेल्श-रायन तयार झाले तेव्हा विद्यापीठाने खुर्च्या वाढवल्या नाहीत, उलट आठ हजारांवरून सात हजारांवर आणल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये आणि पुन्हा त्याच वर्षी डिसेंबरमध्ये याच छोट्या घरात पहिल्या क्रमांकाच्या पर्ड्यूला धूळ चारली गेली आणि दोन्ही वेळा विद्यार्थी कोर्टावर उतरले. डिपॉलनेही २०१७ मध्ये रोझमाँट सोडले, पण गेले ते मॅककॉर्मिक प्लेसजवळच्या दहा हजार खुर्च्यांच्या विनट्रस्ट अरीनात. मुलांना अजूनही गाडी नाहीतर 'एल' पकडावीच लागते.

मात्र जवळीक म्हणजे सर्व काही, असेही नाही. लोयोला विद्यापीठाचे जेंटिल अरीना रॉजर्स पार्कात, अगदी आवारातच आहे. तरी २०१८ साली त्यांचा संघ शेवटच्या चारांत पोचेपर्यंत तिथे खुर्च्या मोकळ्या असत. अंतर पहिली अट घालते एवढेच. दुसरी अट प्रेक्षागृहाच्या आतली : जवळची खुर्ची कुणाला?

इथे नॉर्थ कॅरोलायनातल्या दोन शेजाऱ्यांची तुलना उद्बोधक आहे. ड्यूक विद्यापीठाचे कॅमेरॉन स्टेडियम १९४० सालचे, जेमतेम ९,३१४ माणसांचे. तिथे कोर्टालगतची बाकडी विद्यार्थ्यांची आणि देणगीदार वरच्या मजल्यावर. मोठ्या सामन्याच्या जागेसाठी मुले बाहेर हिरवळीवर तंबू ठोकून राहतात. १९८६ पासूनची ती प्रथा. त्याच १९८६ साली, दहा-एक मैलांवर, नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने एकवीस हजारांहून अधिक खुर्च्यांचे डीन स्मिथ सेंटर उघडले. देणग्यांतून ते उभे राहिले आणि देणगीदारांना चांगल्या खुर्च्यांचे हक्क मिळाले. १९९१ साली तिथे जिंकून गेलेल्या फ्लोरिडा स्टेटच्या सॅम कॅसेलने ही मंडळी चीज-वाइनवाली आहेत, असा शेरा मारला आणि तो विद्यापीठाला कायमचा चिकटला. संघ दोन्हीकडे उत्तम, पैसा दोन्हीकडे मुबलक. फरक होता तो खालच्या रांगा कुणाच्या, एवढाच. पुढे नॉर्थ कॅरोलायनालाही बास्केटमागे विद्यार्थ्यांना उभे राहायला जागा करून द्यावी लागली.

देणगीदारांची बाजू मात्र मांडलीच पाहिजे. ज्या खेळांना प्रेक्षक मिळत नाहीत ते खेळ, शिष्यवृत्त्या, इमारती, हे सगळे त्यांच्या पैशावर चालते. शिवाय डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत विद्यार्थी सुट्टीवर घरी असतात. तेव्हा हॉलची लाज राखतात ती चाळीस-चाळीस वर्षे त्याच खुर्चीवर बसणारी पांढऱ्या केसांची माणसे. त्यांना हुसकावून लावा असे कुणी म्हणत नाही. मुद्दा इतकाच की बसून पाहणाऱ्याला वरूनही खेळ छान दिसतो. उभे राहून ओरडणाऱ्याला मात्र वर धाडले की त्याचे ओरडणे थांबते, कारण ते खेळाडूपर्यंत पोचत नाही हे त्याला कळते.

आपल्या भागातली बरीच मुलेमुली ज्या अर्बाना-शँपेनला जातात, तिथले उदाहरण या बाबतीत सर्वांत आशादायक आणि सर्वांत गुंतागुंतीचे आहे. मॅक्स अब्रामोविट्झ या तिथल्याच माजी विद्यार्थी वास्तुतज्ज्ञाने रचलेला असेंब्ली हॉल १९६३ चा. काँक्रीटचा चारशे फूट व्यासाचा घुमट, मध्ये एकही खांब नाही. २०१३ मध्ये विमा कंपनीचे नाव लागून तो स्टेट फार्म सेंटर झाला, नूतनीकरणात श्रीमंत बॉक्स आले. तरी कोर्टाच्या कडेला केशरी सदरे घातलेली 'ऑरेंज क्रश'ची पोरे टिकून आहेत. सत्तरच्या दशकापासूनची ही विद्यार्थी संघटना धर्मादाय कामासाठी निधी गोळा करते आणि त्या कामातून तिच्या सभासदांना जवळची जागा मिळते. म्हणजे खुर्ची पैशाने नव्हे, श्रमाने कमवायची. ही रीत मला ड्यूकच्या तंबूंपेक्षाही मोलाची वाटते.

पण या क्रशचे सगळेच कौतुकास्पद नाही. परगावच्या सामन्याला गुपचूप तिकिटे काढून केशरी सदऱ्यांत प्रकट व्हायचे, ही त्यांची जुनी खोडी. फेब्रुवारी २०२३ मध्ये आयोवाच्या सामन्याची २०० तिकिटे मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या नावावर घेतल्याचे उघड झाले आणि आयोवाने ती रद्द केली. गनिमी कावा ठीक आहे, पण लहान मुलांच्या नावाची ढाल कशाला? जी संघटना दानधर्मातून आपली जागा कमावते, तिने तरी ते करायला नको होते.

याच घुमटाने दुसराही धडा दिला. २०२०-२१ च्या साथीच्या हंगामात इलिनॉयचा संघ कित्येक वर्षांत नव्हता इतका बलवान होता, आणि प्रेक्षागृह रिकामे होते. रेकॉर्ड केलेला आवाज लावून टीव्हीवरचा खेळ साजरा झाला, पण तो कुणालाच खरा वाटला नाही. गंमत अशी की साथ गेली, माणसे परतली, तरी यंत्रांचा आवाज काही गेला नाही. प्रत्येक अर्धात टीव्हीच्या जाहिरातींसाठी ठरलेले चार विराम असतात. पूर्वी त्या वेळात बँड वाजे, मुले घोषणा रचत. आता लाउडस्पीकर कानठळ्या बसवतो, पडदा 'ओरडा' म्हणून हुकूम सोडतो, तोफेतून टी-शर्ट उडतात. आधी ओरडणाऱ्यांना दूर बसवायचे आणि मग आवाज भाड्याने आणायचा, असा हा उफराटा व्यवहार आहे.

पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात ज्यांनी पुरुषोत्तम करंडकाची स्पर्धा पाहिली आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको. १९६३ पासून महाराष्ट्रीय कलोपासक भरवत असलेल्या या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेत पडदा उघडण्याआधी 'अरे, आव्वाज कुणाचा!' ची जी आरोळी उठते, ती कुठल्याही स्टुडंट सेक्शनच्या तोडीची. आणि नाटक सुरू झाले की तीच पोरे कान देऊन बसतात. आपल्या खेळाडूच्या फ्री थ्रोला गप्प होणाऱ्या मुलांची आणि त्यांची जात एकच. आरोळीने निकाल फिरत नाही, हेही तिथे सगळ्यांना ठाऊक असते. २०२२ साली तर परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. तरी आरोळी उठतेच, कारण ती निकालासाठी नसते, 'हे आमचे आहे' हे सांगण्यासाठी असते.

मंडळी, म्हणूनच हा विषय आपल्यालाही लागू पडतो. आपल्या कार्यक्रमांत पहिल्या रांगा प्रायोजकांच्या आणि पाहुण्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या लावून राखलेल्या असतात. त्यातल्या निम्म्या पहिला अंक संपेपर्यंत रिकाम्या असतात. पंधरा-सोळा वर्षांची मुले मागच्या भिंतीशी किंवा बाहेर लॉबीत. मग समितीच्या बैठकीत आपण विचारतो, 'तरुण पिढी का येत नाही?' रोझमाँटच्या रिकाम्या खुर्च्यांनीही वर्षानुवर्षे हाच प्रश्न विचारला होता. येत्या गणेशोत्सवात पहिल्या दोन रांगा त्यांना देऊन पाहू या. त्यांनी मधूनच शिट्टी मारली तर मारू दे. आपण देणगीदार मंडळी पाचव्या रांगेतूनही नाटक व्यवस्थित पाहू शकतो, आणि चष्मे तर आपल्याकडे आहेतच.