फौज एकाची, हुकूम दुसऱ्याचा



चिरनेरला इतिहासावर बोलायचं म्हटलं की मनात पहिली तारीख येते ती २५ सप्टेंबर १९३०. अक्कादेवीच्या डोंगरातला जंगल सत्याग्रह आणि तो गोळीबार. त्याकडे आम्ही शेवटी येऊच. आधी दीडशे वर्षं मागे जाऊ. १७७८ च्या नोव्हेंबरात मुंबईहून निघालेली इंग्रजांची फौज इथून जवळच, पनवेलला उतरली आणि बोरघाट चढून पुण्याच्या रोखानं निघाली. तिचा शेवट झाला वडगावला.

ही गोष्ट आपण शाळेपासून ‘मराठ्यांनी इंग्रजांना लोळवलं’ अशी ऐकत आलो. ती खोटी नाही, पण अर्धी आहे. मुळात ही भाऊबंदकी होती. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. चुलते रघुनाथराव पेशवे झाले, आणि त्यांच्याविरुद्ध सखारामबापू, नाना फडणीस आदी कारभाऱ्यांनी बारभाईंची फळी उभी केली. हरत चाललेल्या राघोबांनी ६ मार्च १७७५ ला सुरतेस मुंबईकर इंग्रजांशी तह केला. म्हणजे वडगावला जो पक्ष हरला, तो आधी मराठ्यांचा एक पक्ष होता. मग प्रश्न असा, की त्या पक्षाचा सेनापती कोण?

उत्तर ऐकून हसू येईल. सेनापती म्हणजे एक समिती! कर्नल एगर्टन, जॉन कारनॅक आणि थॉमस मॉस्टिन. एगर्टन आजारी माणूस. त्यानं वाटेतच सूत्रं कॉकबर्नकडे दिली. मॉस्टिन आजारी होऊन परतला आणि १ जानेवारी १७७९ ला वारला. लढणारे चार हजारांच्या आत, बैल मात्र एकोणीस हजार. खंडाळा ते कार्ले हे आठ मैल कापायला अकरा दिवस लागले. कार्ल्याला कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे आपला ‘इष्टुर फाकडा’, पडला. तळेगाव गाठलं तर ते मराठ्यांनी आधीच जाळून ठेवलेलं. ११ जानेवारीच्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलून फौज मागे फिरली आणि वडगावला कोंडली गेली.

ग्रांट डफपासूनच्या इंग्रजी इतिहासकारांनी या पराभवाचा दोष मुख्यतः समितीवर टाकला. तीन डोकी, तीन मतं, म्हणून बोजवारा. हे स्पष्टीकरण आम्हाला पटत नाही. कारण साधं आहे. जिंकले तेही बारभाईच ना! ‘बारभाईंचा कारभार’ हा शब्द आपण गोंधळासाठी वापरतो. त्यांच्यातही सगळं आलबेल नव्हतं. मोरोबा फडणीस राघोबांना आणायला निघाले होते. तो कट १७७८ मध्येच मोडला गेला. सखारामबापूंचं मनही दुभंगलेलं; १७७९ मध्ये त्यांनाही कैद झाली. डोकी मोजून जय-पराजय ठरत असता, तर बारभाईच आधी बुडायला हवे होते.

फरक आम्हाला दिसतो तो वेगळा. नाना आणि महादजी हरले असते तर त्यांचं सर्वस्व जाणार होतं, आणि हुकूमही त्यांचाच चालत होता. राघोबांच्या बाजूला या दोन गोष्टींची फारकत झाली होती. ज्याची गादी पणाला लागली, त्याच्या हाती हुकूम नाही. ज्यांच्या हाती हुकूम, त्यांची गादी नाही. वडगावचा करार झाला, तो मुंबई सरकारनं मानला नाही. म्हणे समितीला तह करण्याचा अधिकारच नव्हता! पुढे कंपनीनं कारनॅक, एगर्टन, कॉकबर्न यांना नोकरीतून काढलं. त्यांची नोकरी गेली. राघोबांचा पक्षच गेला. १७८२ च्या सालबाईच्या तहानं त्यांच्या वाट्याला नेमणूक तेवढी उरली.

यातून त्यांचा मुलगा काही शिकला का? २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरला यशवंतराव होळकरांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा मोड केला. दुसरे बाजीराव पळाले ते कोकणातून वसईला, आणि ३१ डिसेंबरला त्यांनी इंग्रजांशी तह केला. या वेळी गेलं ते सगळं राज्याचं स्वातंत्र्य.

पण आमच्याच कसोटीला इथं एक प्रश्न विचारावा लागतो. तळेगाव जाळलं. डावपेच म्हणून बिनतोड. पण घरं कुणाची जळाली? नानांची नव्हेत. तळेगावकरांना कुणी विचारलं होतं? म्हणजे जिंकणाऱ्या बाजूलाही हुकूम एकाचा आणि झळ दुसऱ्याला, हे होतंच. विजयाच्या गोष्टीत ते झाकलं जातं, एवढंच.

आणि म्हणूनच हे व्याख्यान चिरनेरला द्यावंसं वाटलं. १९३० मध्ये अक्कादेवीच्या रानात गेलेली माणसं कुणाच्या गादीसाठी गेली नव्हती. जंगल त्यांचं, निर्णय त्यांचा, आणि किंमतही त्यांनीच मोजली. कुठलंही युद्ध वाचताना सेनापती किती शहाणा होता, हे आपण विचारतोच. त्याच्या हुकमाची किंमत कोण मोजणार होतं, तेही विचारत जाऊ या.