शून्य कार्याचा कर्ता : कार्य, ऊर्जा व शक्ती यांवरील शालेय उदाहरणांचे परीक्षण

माध्यमिक शाळेच्या पदार्थविज्ञानात कार्य, ऊर्जा आणि शक्ती हा घटक हमखास गुण मिळवून देणारा मानला जातो. सूत्रे मोजकी, आकडेमोड सोपी आणि उदाहरणांचे साचे ठरलेले. बालभारतीच्या २०१७ सालच्या नववीच्या विज्ञान व तंत्रज्ञान या पुस्तकात 'कार्य आणि ऊर्जा' हे दुसरेच प्रकरण आहे. सरावाची रीतही सर्वत्र तीच असते : दिलेल्या राशी मांडाव्यात, सूत्र लिहावे, किमती घालाव्यात, उत्तराला एकक जोडावे. या रीतीने उत्तरे बरोबर येतात, याविषयी दुमत नाही. आक्षेप आहे तो उदाहरणाच्या वाक्यरचनेवर.

पाठ्यपुस्तके, मार्गदर्शिका आणि सराव प्रश्नसंच यांतून पिढ्यान्‌पिढ्या फिरत आलेले एक उदाहरण हमालाचे आहे. डोक्यावर ओझे घेऊन तो सपाट जमिनीवरून चालतो आणि त्याने किती कार्य केले असे विचारले जाते. बल ऊर्ध्व दिशेने, विस्थापन क्षितिजसमांतर, दोहोंमधील कोन ९० अंश. म्हणून उत्तर शून्य. हे उदाहरण कोठे वाचले जाते यालाही महत्त्व आहे. घोडपदेव हा भायखळा आणि कॉटन ग्रीन यांच्यामधला गिरणी-गोदामांचा परिसर. एका अंगाला कापड गिरण्या, दुसऱ्या अंगाला बंदराची गोदामे आणि १७० किलोच्या कापसाच्या गासड्या. या पट्ट्यात ओझे हा उपजीविकेचा शब्द होता. महाराष्ट्राने १९६९ मध्ये ज्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा केला, त्या माथाडी कामगारांचे नावच माथ्यावरून आलेले आहे. अशा घरातील मुलाच्या वहीत 'हमालाचे कार्य = ०' असे लिहिले जाते आणि त्यावर बरोबरची खूण होते. मुलापुढे मग दोनच वाटा उरतात : विज्ञान खोटे मानणे, किंवा घरातले श्रम.

वस्तुतः दोन्ही खरे आहेत. चूक प्रश्नातील कर्त्याची आहे. पदार्थविज्ञानाच्या व्याख्येत कार्य करते ते बल, माणूस नव्हे. हमालाने ओझ्यावर लावलेल्या ऊर्ध्व बलाने केलेले कार्य किती, असा प्रश्न असेल तर शून्य हे उत्तर निर्दोष आहे. हमालाने केलेले कार्य किती, असे विचारले की त्याच शून्याचा आवाका वाढतो. ओझे पेलताना स्नायू सतत ताणलेले राहतात व त्यासाठी शरीरातील रासायनिक ऊर्जा खर्च होते; प्रत्येक पावलागणिक शरीर किंचित वर-खाली होते. सूत्र याविषयी मौन बाळगते, आणि ते योग्यच आहे. वाक्याने मात्र त्या मौनाचा निवाडा करून टाकला. फ्रेंच अभियंता कोरिऑलिस याने १८२९ मध्ये या संज्ञेला आजचा अर्थ दिला तो यंत्रांच्या हिशेबासाठी. जेम्स वॉटची अश्वशक्तीही यंत्राची तुलना घोड्याशी करण्यासाठी होती. श्रमाच्या शेजारी जन्मलेल्या या संज्ञांचा श्रमाशी असलेला संबंध सरावाच्या वहीत नेमका तुटतो.

हा संबंध आकड्यांनीच जोडता येतो. ५० किलोची गोणी दीड मीटर उंच ट्रकच्या पाट्यावर चढवली तर ५० × ९.८ × १.५, म्हणजे ७३५ ज्यूल कार्य होते. हे एका सेकंदात झाले तर शक्ती ७३५ वॅट, म्हणजे जवळजवळ एक अश्वशक्ती. साचेबंद उदाहरण येथे संपते. पण दिवसभरात अशा २०० गोण्या चढल्या असे धरले तर एकूण १,४७,००० ज्यूल होतात. विजेच्या एका युनिटमध्ये ३६ लाख ज्यूल असतात. तेव्हा हे कार्य युनिटच्या चोविसाव्या भागाइतकेही भरत नाही. २५ वॅटचा दिवा त्यावर १ तास ३८ मिनिटे जळेल. युनिटला दहा रुपये दर धरला तरी किंमत ४१ पैसे! आहाराच्या भाषेत ही ऊर्जा सुमारे ३५ किलोकॅलरी. एका भाकरीतही याहून अधिक असते. मग माणूस थकतो का? स्नायूंची कार्यक्षमता साधारण २० ते २५ टक्के असते, बाकीची ऊर्जा उष्णतेत जाते. प्रत्येक गोणीसाठी वाकताना-उठताना स्वतःचे शरीरही उचलावे लागते आणि ते 'दिलेल्या राशीं'त नसते. विद्यार्थ्याला विचार करायला लावणारा प्रश्न उत्तराखाली रेघ मारल्यानंतर सुरू होतो, आणि सराव तर त्या रेघेपाशी थांबतो.

परिभाषेचा वाटाही लहान नाही. मराठीने 'काम' बाजूला ठेवून 'कार्य' निवडले, हा विवेक स्तुत्य होता. पण वर्गात तोंडी समजावताना अध्यापक 'काम'च म्हणतात आणि भेद पुसला जातो. 'शक्ती'ची स्थिती याहून बिकट. व्यवहारात बल, ताकद, जोर, शक्ती हे शब्द एकाच अर्थाने फिरतात, आणि परीक्षेत मात्र त्यांतील एकाला न्यूटन व दुसऱ्याला वॅट हे एकक जोडायचे असते. पाठ्यपुस्तकाची भाषाच विज्ञान शिकण्यात अडथळा होते, हा प्रश्न होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या व्ही. जी. कुळकर्णी यांनी सहकाऱ्यांसह १९८१ च्या सुमारास मांडला होता. त्याचा लाभ धड्यांच्या निवेदनाला काही प्रमाणात झाला असेल. स्वाध्यायातील उदाहरणे मात्र त्यातून सुटली.

घोडपदेवच्या न्यू हिंद मिलच्या जागेवर आता गिरणी कामगारांसाठी म्हाडाने बांधलेले मनोरे आहेत. तेथील उद्‌वाहन बंद पडले असता ६० किलो वजनाची व्यक्ती ३० मीटर चढून गेली, तर गुरुत्वाविरुद्ध १७,६४० ज्यूल कार्य होते. एवढे कोणताही विद्यार्थी सोडवील. तीच व्यक्ती तेवढेच जिने उतरते, तेव्हा पायांनी लावलेल्या बलाचे कार्य ऋण असते; चिन्ह बदलले तरी स्नायूंचा खर्च थांबत नाही आणि तळमजल्यावर पोहोचेपर्यंत गुडघे थरथरू लागतात. हे उतरणे कोणत्या चिन्हाने लिहावे, आणि थरथर त्या चिन्हात का मावत नाही, हे विचारणारे उदाहरण स्वाध्यायात क्वचितच आढळते.