चालू कामातला चार्ज

तुमसर तालुक्यातल्या, मध्य प्रदेशच्या सीमेजवळच्या बपेऱ्याहून बालाघाटच्या पाहुण्यांना व्हॉट्सॲपवर निरोप जातो. ज्या सर्व्हरांवरून तो जातो, त्यांचा मोठा भाग अर्लांग या भाषेत लिहिलेला आहे. एरिक्सन कंपनीत 1986 च्या सुमारास जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट विर्डिंग आणि माइक विल्यम्स यांनी ती टेलिफोन एक्स्चेंजसाठी घडवायला घेतली. लोक फोनवर बोलत असतानाच एक्स्चेंजचा कोड बदलता यावा, ही तिची मूळ गरज. त्या गरजेतून आलेलं ‘कोड चेंज’ हे फंक्शन सावकाश वाचावं असं आहे.

ते तीन गोष्टी घेतं: जुन्या व्हर्जनची ओळख, प्रोसेसकडची, म्हणजे चालू असलेल्या एका स्वतंत्र कामाकडची, आजवरची स्थिती आणि लागलीच तर जादा माहिती. परत देतं ती नवी स्थिती. समजा, जुना कोड फक्त निरोपांची संख्या ठेवत होता. तिथे 42 हा आकडा आहे. नव्या कोडला शेवटच्या निरोपाची वेळही हवी आहे. मग फंक्शनात एकच ओळ येते: 42 घ्या, रिकाम्या वेळेसह त्याची जोडी करा, परत द्या. बदली झालेल्या तलाठ्याने नव्याला दप्तर मोजून द्यावं, तसा हा चार्ज. नवं व्हर्जन फसलं तर मागे यायची वाटही इथेच लिहायची असते. त्या वेळी व्हर्जनच्या ओळखीला ‘डाउन’ अशी खूण जोडलेली येते.

हे घडतं तेव्हा ती एक प्रोसेस थांबवलेली असते. तिच्याकडे येणारे निरोप तिच्या मेलबॉक्समध्ये साठतात, बाकीच्या प्रोसेस आपापलं काम करत राहतात. नवा कोड चढतो, स्थिती बदलते आणि प्रोसेस साठलेला पहिला निरोप उचलते.

हाताने लिहिलेल्या साध्या लूपमध्ये हीच गोष्ट आणखी बारीक दिसते. फंक्शनला मॉड्यूलचं, म्हणजे ते ज्या कोडच्या गठ्ठ्यात आहे त्याचं, नाव लावून बोलावलं तर नवा कोड चालतो. नुसतं बोलावलं तर जुनाच. कोणत्या क्षणी ओलांडायचं, हे लिहिणारा ठरवतो. एका मॉड्यूलची दोनच व्हर्जनं एका वेळी नांदतात. तिसरं आणायचं तर सर्वांत जुनं काढावं लागतं आणि त्यात रेंगाळलेली प्रोसेस तेव्हा मारली जाते. सवलत आहे, पण मुदतीची.

मला यातला प्रामाणिकपणा सर्वांत मोलाचा वाटतो. स्थिती आपोआप टिकेल, असं ही भाषा भासवत नाही. स्थिती उघडपणे हातात ठेवते आणि नवं रूप देण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर टाकते. म्हणून हे काम जोखमीचंही आहे. स्थिती बदलणारी ती ओळ चुकली तर चालती प्रोसेस कोसळू शकते. पुष्कळ ठिकाणी सर्व्हर एकेक करून रीस्टार्ट करणंच शहाणपणाचं ठरतं. पण प्रोग्रॅम कोणत्याही भाषेत लिहा, एक प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा: उद्या कोड बदलला, तर आजची स्थिती कोण, कशी आणि कुणाच्या हाती देणार?