खेडची लढाई : निर्णय कीं आरंभ?

शाहू-ताराबाईंच्या यादवीचा निकाल इ. स. १७०७ च्या आक्टोबरांत भीमातीरीं खेड येथें लागला, असें सामान्यतः लिहिलें जातें. हें मत आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं.

खेडास सेनापति धनाजी जाधव शाहूंकडे गेले, परशुरामपंत प्रतिनिधि माघारले, आणि १७०८ च्या जानेवारींत साताऱ्यास शाहूंचा राज्याभिषेक झाला, हें खरें. परंतु धनाजी त्याच वर्षीं वारले. १७११ त त्यांचे पुत्र चंद्रसेन ताराबाईंस जाऊन मिळाले. आणि १७१३ त शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे कान्होजी आंग्र्यांच्या कैदेंत पडले. खेडास निकाल लागला असता, तर सहा वर्षांनीं राजाचा मुख्य प्रधान प्रतिपक्षाच्या बंदींत कां पडावा?

आमच्या मतें पारडें फिरलें तें १७१३-१४ मध्यें, आणि तेंही रणांगणाबाहेर. बाळाजी विश्वनाथांस पेशवाई मिळाली व त्यांनीं आंग्र्यांशीं समेट केला. १७१४ तच पन्हाळ्यावर राजसबाईंच्या पक्षानें ताराबाई व त्यांचे पुत्र शिवाजी यांस कैद करून संभाजीस गादीवर बसविलें. वादाचा खरा शेवट १७३१ च्या वारणेच्या तहानें झाला.

मग खेडाची एवढी ख्याति कां? खंडो बल्लाळांनीं शाहूंची ओळख पटवून घेतली व त्यामुळें सेनापतींचें मन वळलें, ही कथा सर्वश्रुत आहे. पण बखरकार मल्हार रामराव चिटणीस हे खंडो बल्लाळांच्याच वंशांतले, आणि त्यांचें लेखन प्रसंगानंतर सुमारें शंभर वर्षांचें. न्यायशास्त्रांत आप्तवाक्य प्रमाण मानिलें आहे; परंतु तेथें आप्त म्हणजे यथार्थवक्ता, सोयरा नव्हे. कथा खोटी, असें आमचें म्हणणें नाहीं; तिला समकालीन कागदाचा स्वतंत्र आधार हवा, इतकेंच.

हा केवळ तिथींचा वाद नव्हे. राजाराम महाराजांच्या पश्चात् १७०० पासून सात वर्षें ताराबाईंनीं औरंगजेबाशीं झुंज चालविली. खेड हाच निकाल मानिला, तर त्यांचा पुढील सर्व पक्ष निव्वळ हट्ट ठरतो. तो एक तुल्यबळ दावा होता, हें मग कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं.

याचें प्रमाण वाचकांच्या दप्तरांतच असण्याचा संभव आहे. दोन गाद्या असतां वतनदार दोहोंकडून सनदा व अभयपत्रें मिळवीत. विजयी पक्षाची सनद पुढें करावयाची आणि दुसरी रुमालांत बांधून ठेवावयाची, हें वंशजांस स्वाभाविक असलें तरी संशोधकास शोभत नाहीं. दोन्ही कागद शिक्क्यांसह, मित्या न बदलतां प्रसिद्ध व्हावेत. ते कालक्रमानें लाविले म्हणजे कोणता परगणा कोणत्या वर्षीं फिरला तें कळेल, आणि खेडाचें खरें मोल तेव्हां ठरवितां येईल.