ठाकूरची शाल : 'शोले'चे बळ आणि उणिवा

'शोले' म्हटले की लोकांना गब्बरसिंग आठवतो. सुरतकरांना मात्र आधी ठाकूर बलदेवसिंग आठवावा. कारण ती भूमिका करणारा संजीवकुमार म्हणजे सुरतेत जन्मलेला हरिहर जरीवाला. शिवाय या चित्रपटाचे संकलन एम. एस. शिंदे या मराठी माणसाचे. १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेल्या या थरारपटाला फिल्मफेअरचे एकच पारितोषिक मिळाले, तेही शिंदे यांना. ते योग्य हाती गेले.

थरार म्हणजे नुसता गोळीबार नव्हे. काय दाखवायचे नाही, हे ज्याला कळते त्यालाच तो साधतो. गब्बर हातावरचा मुंगळा चिरडतो आणि लगेच घोडा अहमदचे प्रेत घेऊन गावात येतो. सचिनने रंगवलेल्या या पोराचा खून आपण पाहतच नाही, तरी तो अंगावर येतो. नातवावर बंदूक रोखली जाते आणि दृश्य तुटते ते थेट ठाकूरला गावी आणणाऱ्या आगगाडीवर.

सर्वांत मोठे रहस्य शालीखाली आहे. होळीच्या दिवशी पायाशी पडलेली बंदूक ठाकूर का उचलत नाही, याचे उत्तर शाल घसरते तेव्हा मिळते. तोवर संजीवकुमारने केवळ मान, डोळे आणि आवाज यांवर भूमिका पेलली, हे ध्यानातही येत नाही.

उणिवाही आहेत. जेलर आणि सूरमा भोपाली हसवतात, पण कथेची दोरी सैल करतात. विधवा राधेचा जयशी विवाह व्हावा म्हणून ठाकूर तिच्या वडिलांची संमती मिळवतो, आणि पटकथा जयलाच मारून मोकळी होते. ही सरळसरळ पळवाट आहे.

शेवट तर अधिकच खटकतो. मूळ चित्रीकरणात ठाकूर खिळ्यांच्या जोड्यांनी गब्बरला ठार करतो. आणीबाणीतल्या सेन्सॉरला ते रुचले नाही. म्हणून ऐनवेळी पोलीस येऊन कायद्याचा उपदेश करतात. कायदा हाती घेऊ नये, हे आम्हालाही मान्य आहे. पण ज्या तुरुंगातून गब्बर पळाला, तिथेच त्याला पुन्हा पाठवण्यात कसला न्याय? हात गब्बरने तोडले. पाय सेन्सॉरने बांधले. मूळ शेवटाची प्रत २०२५ साली इटलीतील बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली, तेव्हा पन्नास वर्षे उलटली होती.

दिवाळीच्या सुटीत घरी हा चित्रपट लावलाच, तर मुले गब्बरचे संवाद म्हणतीलच. आपण ठाकूरच्या खांद्यांकडे पाहावे.