‘फझलला सोडला, म्हणून हरलो’ : एका वाक्यात लपलेले दावे

३१ ऑक्टोबर २०२५ ला दिल्लीत प्रो कबड्डीच्या १२व्या हंगामाची फायनल झाली. दबंग दिल्लीने पुणेरी पलटणला ३१-२८ असं हरवलं. शेवटच्या क्षणांत दिल्लीच्या फझल अत्राचलीने केलेली पकड सगळ्यांच्या लक्षात राहिली. हाच इराणी बचावपटू २०२२ मध्ये पलटणचा कर्णधार होता, आणि पुढच्याच वर्षी पलटणने त्याला सोडलं होतं.

कुंडलिकेच्या एका काठाला रोहा आणि दुसऱ्या काठाला आमची अष्टमी. कबड्डीचं वेड दोन्हीकडे सारखंच. इथून मुंबईही जवळ आणि पुणंही, त्यामुळे चाहत्यांत यू मुंबावालेही सापडतात आणि पलटणवालेही. पलटणच्या चाहत्यांचा वाद एका वाक्याभोवती फिरतो : ‘फझलला सोडला, म्हणून हरलो.’ समोरचा लगेच म्हणतो, ‘अरे, त्याला सोडला म्हणूनच तर आधी कप जिंकलो!’

तुम्ही पेट किंवा नेटची तयारी करत असाल, सिनॉप्सिस लिहायला बसला असाल, तर हा वाद हसण्यावारी नेऊ नका. ‘योजना आली, म्हणून शाळागळती कमी झाली’ हे वाक्यही याच साच्यातलं आहे. एक घटना, मग दुसरी घटना, आणि मध्ये एक ‘म्हणून’. आपण आज त्या ‘म्हणून’चीच तपासणी करू.

आधी व्याख्या : अनुभवी म्हणजे कोण?

२०२२ च्या लिलावात पलटणने फझलसाठी १.३८ कोटी मोजले. तेव्हा त्याचं वय होतं ३०. चाहते त्याला ‘सीनियर’ म्हणत होते ते वयामुळे, की तो २०१५ पासून लीग खेळत होता म्हणून? २०१८ मध्ये अनुप कुमारला जयपूरने ३० लाखांना घेतलं तेव्हा तो ३४ वर्षांचा होता, आणि त्याच हंगामात, डिसेंबरमध्ये, त्याने निवृत्ती जाहीर केली. अनुप चढाईपटू, फझल डावा कोपरारक्षक. दोघांना एकाच ‘अनुभवी’ खान्यात टाकलं की चढाईपटूच्या पायांचा प्रश्न आणि बचावपटूच्या अंदाजाचा प्रश्न एकच होऊन जातो.

संशोधनात याला संकल्पनेची कार्यकारी व्याख्या म्हणतात. वय, हंगाम की खेळलेले सामने, काय मोजणार ते आधी ठरवायचं. वाद सुरू झाल्यावर व्याख्या बदलायची नाही. चाहते नेमकं तेच करतात : जिंकला तर ‘अनुभव’, हरला तर ‘वय झालं’.

एक माणूस, सात हंगाम

आता फझलच्या संघांचे निकाल ओळीने मांडू.

२०१८, यू मुंबा : बाद फेरी, तिथे पहिल्याच सामन्यात हार.
२०१९, यू मुंबा : उपांत्य फेरी.
२०२१-२२, यू मुंबा : बाद फेरीच्या बाहेर.
२०२२, पुणेरी पलटण : उपविजेते.
२०२३-२४, गुजरात : बाद फेरी, पहिल्याच सामन्यात हार.
२०२४, बंगाल : बाद फेरीच्या बाहेर.
२०२५, दिल्ली : विजेते.

माणूस तोच, आणि दर वर्षी वयाने एकेक वर्ष मोठा. तो घेतल्याने संघ जिंकतो असं म्हणायचं, तर बंगालचं काय? वय झाल्याने संघ बुडतो म्हणायचं, तर दिल्लीचं काय? सातच ओळी आहेत, त्यांतून कुठलाच सरळ कल निघत नाही. कारण आपण निकाल मोजतोय संघाचा आणि श्रेय देतोय एका माणसाला. अभ्यासाचं एकक एक आणि निष्कर्षाचं एकक दुसरं, ही चूक प्रबंधांतही भरपूर सापडते : आकडे जिल्ह्याचे आणि निष्कर्ष माणसांबद्दल.

निकालावरून निर्णय तोलू नका

१७ डिसेंबर २०२२ ला मुंबईत पलटण आपली पहिलीच फायनल खेळली आणि जयपूरकडून ३३-२९ अशी हरली. त्या सामन्यात पलटणचे अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हे दोन मुख्य चढाईपटू दुखापतीमुळे नव्हते. चार गुणांची हार. मग १.३८ कोटी वाया गेले म्हणायचं, की दोन चढाईपटू नसतानाही संघ चार गुणांपर्यंत पोचला म्हणायचं? निकाल एकच, वाचन दोन.

पुढच्या हंगामात पलटणने फझलला सोडून मोहम्मदरेझा शादलूला २.३५ कोटींना घेतलं, अस्लमला कर्णधार केलं, आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये हरियाणाला २८-२५ असं हरवून कप जिंकला. ‘बघा, तरुणांवर विश्वास टाकला आणि जिंकलो!’ थांबा. एका वर्षात किती गोष्टी बदलल्या ते मोजा. कर्णधार बदलला, प्रमुख परदेशी बचावपटू बदलला, आधीची तरुण पोरं एका हंगामाने तयार झाली. खर्चाची मर्यादाही ४.४ कोटींवरून ५ कोटी झाली. फझलवर त्या मर्यादेतले साधारण ३१ टक्के गेले होते, शादलूवर ४७ टक्के. म्हणजे तुलना ‘म्हातारा की तरुण’ अशी उरलीच नाही, ती ‘तीस टक्क्यांचा बचावपटू की जवळपास निम्म्या पैशांचा बचावपटू’ अशी झाली. एकाच वेळी चार व्हेरिएबल हलले की श्रेय एकाला देता येत नाही.

खरा प्रश्न असा विचारावा लागतो : लिलावाच्या दिवशी जी माहिती हातात होती, तिच्या आधारे त्याच पैशांत दुसरं काय मिळालं असतं? न घडलेल्या पर्यायाशी तुलना केल्याशिवाय ‘म्हणून’ लिहिता येत नाही.

आकडेवाल्यांचंही चुकतं

काही जण म्हणतील, भावना सोडा, पकडीचे गुण बघा. बघू. पण पकडीचा गुण मिळतो तो चढाईपटू कोपऱ्याकडे गेला आणि पकडला गेला तर. समजा, डाव्या कोपऱ्यात असा माणूस उभा आहे की चढाईपटू त्या बाजूला फिरकतच नाही. तीस सेकंद इकडेतिकडे करतो आणि रिकाम्या हाताने परत जातो. अशा दोन रिकाम्या चढाया झाल्या की तिसरी ‘करो या मरो’. तिथे चढाईपटूला आत शिरावंच लागतं, आणि त्याची पकड होते उजव्या कोपऱ्यात. गुण उजव्याच्या नावावर! डाव्याच्या धाकाची नोंद गुणपत्रिकेत कुठेच नाही.

मैदानाच्या कडेला बसून वर्षानुवर्षं मातीवरची कबड्डी पाहिलेल्या माणसाला हे दिसतं. तो म्हणतो, ‘त्याचा नुसता दरारा असतो.’ आपण ते भावनिक बोलणं म्हणून सोडून देतो. वास्तविक ती एक गृहीतकाची सूचना आहे, आणि ती तपासता येते : सामन्यांचे व्हिडिओ घ्या, चढाईपटू कोणत्या बाजूला किती वेळ राहिला ते मोजा, तो बचावपटू मैदानाबाहेर असतानाच्या चढायांशी तुलना करा. जाणकाराचं बोलणं पुरावा म्हणून घ्यायचं नाही आणि फेकूनही द्यायचं नाही. त्यातून प्रश्न काढायचा.

योगायोगाचा मोह

अजून एक गंमत. २०२१ मध्ये पलटणने राहुल चौधरीला ४० लाखांना घेतलं, मग सोडलं. २०२२ च्या फायनलमध्ये पलटणला हरवणाऱ्या जयपूरच्या ताफ्यात राहुल होता. २०२५ ला हरवणाऱ्या दिल्लीत फझल. ‘सोडलेला जुना माणूस पलटणला भोवतो!’ ऐकायला झकास. पण उदाहरणं दोनच, आणि तीही आपण निकाल लागल्यावर शोधून काढलेली. सोडलेले बाकीचे खेळाडू कुठे गेले, त्यांनी कुणाला हरवलं नाही, याची यादी कुणीच करत नाही.

‘अनुभवी खेळाडू उपयोगी ठरतात’ या विधानातही तीच फट आहे. तिशीनंतर मैदानात दिसतात ते टिकलेले. ज्यांना लिलावात कुणी हात लावला नाही, ते आपल्या सॅम्पलमध्ये येतच नाहीत.

मग माझं म्हणणं काय?

नुसत्या शंका काढून समीक्षा होत नाही, म्हणून सांगतो. माझ्या मते २०२२ मध्ये फझलला घेणं योग्य होतं. तरुण संघाला मागे एक सावरणारा हवा होता, आणि अशा जागेसाठी पर्याय थोडे होते. २०२३ मध्ये त्याला सोडणंही योग्य होतं, कारण शादलूसारखा लांबचा पल्ला असलेला बचावपटू मिळत होता. त्या हंगामात सर्वाधिक पकडी त्याच्याच होत्या. दोन्ही निर्णय एकाच वेळी बरोबर असू शकतात, आणि तीन गुणांनी हरलेली २०२५ ची फायनल त्यांतल्या कुठल्याच निर्णयाला चूक ठरवत नाही.

हे नुसतं डोक्याचं व्यायामकाम नाही. रायगडात गावचा संघही मोठ्या स्पर्धेला बाहेरचा जुना खेळाडू आणतो. तेव्हा सातांतून गावचा एक पोरगा बाहेर बसतो. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, म्हणजे वरच्या पातळीवर खेळायला मिळणं हा त्या पोराच्या पोटापाण्याचा प्रश्न असतो. दुसऱ्या बाजूला, त्या जुन्या खेळाडूच्या शेजारी उभं राहून पोरं जे शिकतात तेही कुठल्या गुणपत्रिकेत येत नाही. ‘अनुभवी घ्यावा का?’ याचं उत्तर नीट शोधणं कुणाच्या तरी आयुष्याशी जोडलेलं आहे. तुमच्या प्रबंधातल्या ‘लाभार्थी’ या शब्दामागेही अशीच माणसं असतात.

आता तुमचं काम. स्वतःचा सिनॉप्सिस उघडा, त्यातला प्रत्येक ‘म्हणून’ आणि ‘त्यामुळे’ अधोरेखित करा. प्रत्येकाखाली तीन ओळी लिहा : काय मोजलं, त्याच वेळी दुसरं काय बदललं, आणि हे झालं नसतं तर काय झालं असतं. तिसरी ओळ लिहिता येत नसेल, तर ते वाक्य निष्कर्षातून काढून गृहीतकात ठेवा. गाईड विचारण्याआधी तुम्हीच विचारलेलं बरं.