न दिलेली पत्रे

माकोतो शिंकाई यांचा 'फाइव्ह सेंटिमीटर्स पर सेकंड' हा २००७ चा जपानी ॲनिमेपट पाहताना आम्ही सवयीने खलनायक शोधत राहिलो. तो नाहीच. ताकाकी आणि आकारी या शाळासोबत्यांना आईवडिलांच्या बदल्या दूर नेतात, एवढेच.

बर्फात रखडलेल्या आगगाडीने ताकाकी रात्री उशिरा इवाफुने स्थानकावर पोचतो. आकारी वाट पाहत बसलेली असते. त्याचे पत्र वाटेत वाऱ्याने उडालेले, तिचे ती देत नाही.

पुढे तानेगाशिमा बेटावरची कानाए त्याच्यावर जीव लावते. तो आपुलकीने वागतो, पण मोबाइलवर कुणालाच न पाठवायचे संदेश लिहीत राहतो. प्रेक्षक त्याच्या विरहावर हळहळतो. आमचे मन कानाएपाशी थांबते. त्याची आपुलकी म्हणजे प्रेम नव्हे, हे तिला एकटीलाच उमगते.

आपल्या शायरीत इंतजारला मोठा मान. पण मनातले बोललोच नाही, तर तो इंतजार की पळवाट? शेवटी रेल्वे फाटकापलीकडे ती थांबलेली नसते. ताकाकी किंचित हसून चालू लागतो. ही हार नव्हे. उशिरा मिळालेली सुटका आहे, असे आम्ही मानतो.